चिठ्ठीवरचं दुखणं

अहमदपूरजवळ बाइक घसरली, मांडीचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं आणि ट्रामाडॉल सुरू झालं. हाड जुळलं तरी गोळी चार महिने चालूच. नांदेडला घरी आल्यावर एक दिवस ती मी एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री नाक वाहायला लागलं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब. पाय तर एका जागी ठरेनात. आई म्हणाली, "ताप असंल." ताप नव्हता. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली आणि थोडी थोडी कमी करत आणली. एकदम सोडायची नसते, हे तेव्हा कळलं.

त्या ओपीडीत शेजारी दारू सोडायला आलेले एक काका बसले होते. हात थरथरत होते. "तुझं काय रे?" मी घाईनं म्हणालो, "मला डॉक्टरनीच दिली होती, काका."

ती घाई अजून टोचते. फरक आहे, हे खरंच. शरीराला औषधाची सवय होणं म्हणजे व्यसन नव्हे. 2018 मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आलं, तरी चिठ्ठीवर मिळतं, आणि दुखणाऱ्याला मिळायलाच हवं. पण मेंदू काही चिठ्ठी वाचत नाही. शिवाय शेवटच्या महिन्यात मला दुखत नव्हतं. दुखतंय असं सांगून मी चिठ्ठी वाढवून घेतली होती.

हे काकांना सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली, आणि मला पाय लांब करता यावा म्हणून जरा सरकून बसले.