हाक मारणाऱ्याचे दायित्व



आपण हा लेख वाचीत असताना आपल्या हाताशी किंवा खिशात एक लहानसे यंत्र असेल. त्याला आपण सवयीने फोन म्हणतो. परंतु बोलणे हे आता त्याच्या अनेक कामांपैकी केवळ एक काम राहिले आहे. पत्रव्यवहार, हिशेब, बँक, नकाशा, दिनदर्शिका, सभा असे एका कार्यालयात चालणारे बहुतेक व्यवहार त्या तळहाताएवढ्या वस्तूत सामावले आहेत. व्यापारी, अधिकारी, कारकून, फिरता विक्रेता यांच्यासाठी हे यंत्र उद्या आणखी काय काय करू शकेल, याची चर्चा पुष्कळ होत असते. मला आपणांपुढे निराळाच प्रश्न ठेवावयाचा आहे. ज्या यंत्रामुळे मी दुसऱ्या माणसाला कोणत्याही घटकेस कामाची हाक मारू शकतो, त्या यंत्राने तशी हाक मारण्याचा हक्कही मला दिला आहे काय?

या प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. तळहातावर मावणाऱ्या संगणकाची कल्पना आजची नव्हे. ब्रिटनमधील सायन या कंपनीने १९८४ साली असा एक छोटा संगणक बाजारात आणला. अमेरिकेत ॲपल कंपनीने १९९३ साली 'न्यूटन' काढला; परंतु त्याला माणसाचे हस्ताक्षर नीट वाचता येईना, म्हणून त्याची बरीच थट्टा झाली आणि १९९८ साली तो बंद पडला. यश आले ते १९९६ साली निघालेल्या 'पायलट' या यंत्राला. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र घडवण्यापूर्वी सदऱ्याच्या खिशात बसेल एवढा एक लाकडी ठोकळा तयार केला व तो घेऊन ते सगळीकडे वावरू लागले. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीने लिहिण्याचा आव आणायचा! माणसाला अशा वस्तूची गरज खरोखर केव्हा व कशासाठी भासते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यातून जे यंत्र घडले त्यात मुख्यत्वे चारच गोष्टी होत्या: भेटीगाठींची वही, पत्त्यांची वही, कामांची यादी आणि टिपणवही.

वाचकहो, या यंत्राचा स्वभाव ध्यानात घ्या. ते आपल्या धन्याची स्मरणशक्ती सांभाळीत असे. धन्याने स्वतः लावलेला गजर सोडला तर ते आपणहून बोलत नसे. विचारले तर सांगावे, न विचारल्यास खिशात स्वस्थ राहावे, अशी ती एका शहाण्या सेवकाची रीत होती.

अवघ्या तीन वर्षांनी, १९९९ साली, कॅनडातील एका कंपनीने 'ब्लॅकबेरी' या नावाचे यंत्र आणले, आणि तेथे हा स्वभाव पालटला. कार्यालयातील पत्र आता आपोआप खिशात येऊन पडू लागले. माणसाने पत्रपेटीकडे जाण्याऐवजी पत्रपेटीच माणसाच्या मागे फिरू लागली. त्याची मोहिनी एवढी पडली की या यंत्राच्या नावाची एका अमली पदार्थाच्या नावाशी सांगड घालून लोकांनी एक थट्टेचा शब्द तयार केला, आणि २००६ साली वेबस्टर्स न्यू वर्ल्ड या अमेरिकन कोशाच्या संपादकांनी त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. पुढे २००७ साली आयफोन आला आणि काही वर्षांतच ब्लॅकबेरी मागे पडली. तिची जुनी यंत्रे चालू ठेवणारी सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबवण्यात आली. यंत्र गेले, पण त्याने लावलेली सवय मात्र साऱ्या जगाच्या खिशात शिल्लक राहिली.

या सवयीबद्दल आजवर जो उपदेश झाला तो बहुतांशी हाक ऐकणाऱ्याला झाला आहे. 'फोन दूर ठेवा', 'मनावर ताबा ठेवा', 'जेवताना पडद्याकडे पाहू नका' असे आपण ऐकतो, आणि त्यात तथ्यही आहे. मीही तसाच उपदेश करीत असे. एका प्रसंगाने माझे डोळे उघडले.

शास्त्राच्या भाषांतराच्या कामात मुद्रिते तपासण्याचे काम अखंड चालते. एका रात्री साडेदहाच्या सुमारास एका अध्यायात मला दोन चुका आढळल्या. सकाळपर्यंत विसरेन या भीतीने मी आमच्या अक्षरजुळणीचे काम पाहणाऱ्या भगिनीला लगेच संदेश पाठवला. वीस-पंचवीस मिनिटांत दुरुस्त केलेले पान परत आले. मी संतोषाने झोपी गेलो. चार दिवसांनी कळले, की त्या रात्री ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसली होती. तिचे वडील आत अत्यवस्थ होते. मी खजील होऊन म्हणालो, "अगं, सकाळी केलं असतंस तरी चाललं असतं." तिने शांतपणे उत्तर दिले, "सर, तसं तुम्ही लिहिलं नव्हतं."

तिच्या शब्दांत तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक बोचले. मी माझ्या मनावरचे ओझे उतरवले होते. पण ते हवेत विरून गेले नव्हते. ते तिच्या खांद्यावर जाऊन बसले होते, आणि तेही अशा घटकेस की जी घटका केवळ तिच्या पित्याची होती. माझ्या हातातील यंत्राने मला तिचा दरवाजा दाखवला नाही, तिचा चेहरा दाखवला नाही. पूर्वी रात्री साडेदहाला मी दोन चुकांसाठी कोणाचे दार ठोठावले असते काय? मुळीच नाही. दार दिसत नव्हते, एवढ्यानेच माझा संकोच नाहीसा झाला होता.

तर मग हे यंत्र वाईट म्हणावे काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाईल फोन पोहोचले, तेव्हा काय घडले याचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तारली धरणारे कोळी आपल्या नेहमीच्या किनाऱ्यालाच येत. एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक न मिळाल्याने मासळी फेकून द्यावी लागे आणि त्याच सकाळी काही कोसांवरच्या बाजारात मासळीचा तुटवडा असे. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले व जेथे मागणी असेल तेथे होडी नेऊ लागले. मासळीची नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला पडणारा भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला. एका लहान यंत्राने विकणारा व घेणारा या दोघांचेही कल्याण केले.

आता दुसरे चित्र पाहा. आपल्या शहरांत दुचाकीवरून घरोघरी जेवण व सामान पोहोचवणारा तरुण आपण रोज पाहतो. त्याच्याही हाती तसेच यंत्र आहे. परंतु त्यावर पुढचे काम येते ते त्याने विचारले म्हणून नव्हे. ते आले की थोड्याच वेळात स्वीकारावे लागते. नाकारले तर पुढे काय होईल, याची चिंता त्याला असते. कोठे जावयाचे आणि किती वेळात पोहोचावयाचे, हे ते यंत्र सांगते. अशा कामगारांची नोंदणी, कल्याणनिधी व तक्रारनिवारण यांसाठी राजस्थानने २०२३ साली कायदा केला. तशा प्रकारचा तो देशातील पहिलाच होय.

कोळ्याचे यंत्र आणि या तरुणाचे यंत्र यांत घडणीचा फरक फारसा नाही. फरक आहे तो हाक कोण मारतो याचा. कोळी स्वतः हाक मारीत होता. त्या हाकेने त्याचा अधिकार वाढला. या तरुणाला हाक मारली जाते, आणि ती मारणारा त्याला दिसतही नाही. माझ्या मते हातातील संगणकाचे भवितव्य याच फरकावर तोलून पाहिले पाहिजे. त्याचा वेग, त्याची स्मृती, त्याचा पडदा या गोष्टी दुय्यम आहेत.

काही ठिकाणी हे तत्त्व व्यवहारात उतरले आहे. जर्मनीतील फोक्सवागन कंपनीने २०११ साली कामगार-प्रतिनिधींशी करार केला, आणि पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीकडे जाणारी पत्रे कंपनीच्याच संगणकावर अडवून धरण्यास सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाळीपूर्वी अर्धा तास ती सोडली जात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, आणि ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून अलिप्त राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान मिळाले. आपल्या लोकसभेत बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली याच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

या उपायांत एक समान धागा आहे. ते ऐकणाऱ्याला कान झाकावयास सांगून थांबत नाहीत; हाक मारणाऱ्यालाही मर्यादा घालतात. हे तत्त्व आपणांस अपरिचित असण्याचे कारण नाही. शब्बाथाच्या आज्ञेचे आपण पुष्कळदा 'मी विश्रांती घ्यावी' असे रूपांतर करतो. परंतु निर्गम व अनुवाद या दोन्ही ग्रंथांतील तिची मांडणी पाहिली, तर ती घराच्या धन्याला उद्देशून आहे. त्याचे दास, दासी, गुरे आणि त्याच्या आश्रयाला असलेला परका, या सर्वांचा विसावा तिच्यात गोवलेला आहे. आणि अनुवादात तिचे कारण दिले आहे ते मिसरातील दास्याच्या स्मरणाचे. ज्याने स्वतः अखंड हाकांचे जिणे भोगले, त्याने तसे जिणे दुसऱ्याला देऊ नये, असा तिचा रोख आहे. नहेम्याने यरुशलेमेच्या वेशी शब्बाथापूर्वी सायंकाळी बंद करविल्या, तेव्हा त्यानेही जाब विचारला तो नगरातील प्रतिष्ठितांना.

येथे कोणी विचारील, 'मी तर त्वरित उत्तर मागितलेच नव्हते. समोरच्याने नंतर पाहावे.' हा युक्तिवाद समान पायरीवरील मित्रांना लागू पडेल. पण ज्याचे वेतन, बढती किंवा पुढचे काम माझ्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या कानी माझी विनंतीही आज्ञा होऊन पोहोचते. मालक, मुख्याध्यापक, संपादक, मंडळीचे पाळक, समितीचे चिटणीस अशा कोणत्याही अधिकारपदावर बसलेल्याने हे विसरता कामा नये. दुसरा आक्षेप असा, की काही हाका खरोखरच तातडीच्या असतात. निश्चितच असतात. वैद्य, परिचारिका, विजेच्या तारा जोडणारा कामगार यांना रात्री बोलवावेच लागते. पण म्हणूनच त्यांची पाळी ठरवतात आणि त्या जागरणाचे मोल देतात. तातडी खरी असेल तर तिची किंमत मोजावयास आपण तयार असतो. आणि किंमत मोजण्याची तयारी नसेल, तर ती तातडी बहुधा आपल्या अधीरतेचेच दुसरे नाव असते.

पुढील काळात हा प्रश्न अधिक तीव्र होईल असे मला वाटते. आता या यंत्रांत आपल्या वतीने पत्र लिहिणारे, उत्तर सुचवणारे, कामे वाटून देणारे कृत्रिम बुद्धीचे साहाय्यक आले आहेत. माणूस हाक मारता मारता निदान थकत तरी असे. रात्र झाली की त्यालाही झोप येई. यंत्राला झोप नाही. त्याच्याकरवी मारलेली हाक दिवसरात्र चालू राहू शकेल, आणि 'ते मी पाठवले नाही, आपोआप गेले' असे म्हणण्याची सोयही आपणांस होईल. तेव्हा एक गोष्ट आताच पक्की करू या: माझ्या यंत्राने मारलेली हाक ही माझीच हाक होय. तिचा जाब मीच दिला पाहिजे.

ज्या यंत्राने ही अडचण निर्माण केली, त्याच्यातच तिच्यावरील एक साधा उपायही आहे. लिहिलेले पत्र ठरलेल्या वेळीच रवाना व्हावे, अशी व्यवस्था जीमेलमध्ये २०१९ सालापासून आहे. त्या रात्रीनंतर मी माझ्या संगणकावर तसेच करतो. चूक आढळली की तत्क्षणी लिहून ठेवतो. पत्र मात्र दुसऱ्या दिवशी दहा वाजता निघते. माझे विसरणे टळते आणि कोणाची रात्रही मोडत नाही. जेथे ही सोय नसेल तेथे 'उद्या पाहिले तरी चालेल' हे चार शब्द पुरतात; मात्र ते मनात न ठेवता लिहिले पाहिजेत.

वाचकहो, आज रात्री आपण कोणाला कामाचा संदेश पाठवावयास निघाल, तेव्हा बोट क्षणभर थांबवा. समोर एक दार आहे अशी कल्पना करा. आत कोणी जेवत असेल, कोणी लेकराला निजवीत असेल, कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसले असेल. ते दार ठोठावण्याइतके आपले काम मोठे आहे काय, याचे उत्तर आधी स्वतःला द्या. आणि मगच हाक मारा.