सभासदाचा प्रश्न

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या आणि कर्जरोख्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून ही घटना आपण शाळेत शिकतो. त्यातून 1879 चा शेतकरी संरक्षण कायदा आला, 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही 1954 साली ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा देशातल्या शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला अवघा 3.1 टक्के. त्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. कागदावर सहकार किती अशक्त आहे हे पुरते ठाऊक असलेला हा अर्थशास्त्रज्ञ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी आधीच उभा राहिला होता आणि 1950-51 च्या हंगामात त्या कारखान्याचे गाळप सुरूही झाले होते.

प्रवरेचे कौतुक आपण भरपूर करतो, पण ते नेमके कशामुळे जमले याचा विचार कमी करतो. भागभांडवल गावोगाव फिरून, माणसे समजावून गोळा केले गेले. पैसे देणारा आणि ते सांभाळणारा एकमेकांना तोंडओळखीने तरी जाणत होते. अध्यक्षपदी गाडगीळांसारखा स्वतःचा एक एकरही ऊस नसलेला माणूस होता. हिशेब विचारला तर उत्तर मिळेल, आणि विचारल्याबद्दल आपले काही बिघडणार नाही, एवढी खात्री सभासदाला होती. मला वाटते, सहकाराचे सारे भांडवल या खात्रीत होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत आपण खर्चून टाकले ते हेच.

ते कसे खर्च झाले, ते ऊसतोडीच्या कार्यक्रमात दिसते. लागवडीची नोंद कारखान्याचा चिटबॉय घेतो. तोड कधी मिळणार हे कारखान्याचे शेतकी खाते ठरवते. टोळी त्यांच्या हुकुमाने येते आणि काटा त्यांच्याच आवारात असतो. ऊस पक्व झाल्यावर महिना-दीड महिना फडात उभा राहिला तर वजन घटते, तुरा येतो, खोडव्याचे गणित बिघडते आणि पुढच्या पिकाची वेळ टळते. आता सभासद सर्वसाधारण सभेला जातो. अहवालातला तोटा कुठून आला, इथेनॉल प्रकल्पाचे कंत्राट कुणाला दिले, असे त्याला विचारायचे असते. पण समोर व्यासपीठावर बसलेल्या माणसांच्या हातात त्याची तोड आहे. घरी चार एकर ऊस उभा असलेला माणूस हात वर करत नाही. विषयपत्रिका वाचली जाते, पुढच्या रांगेतून आवाज येतात आणि सारे विषय मंजूर होऊन सभा तासाभरात संपते. यासाठी कुणाला धमकावावे लागत नाही. गावात सगळ्यांना सगळे माहीत असते.

त्या गप्प बसण्याचा हिशेब पुढे होतो. कर्जाखाली दबलेले अनेक कारखाने राज्य सहकारी बँकेने ताब्यात घेऊन विकले. विकत घेणाऱ्यांबद्दल आणि किमतींबद्दल गंभीर आरोप झाले, उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2019 मध्ये गुन्हा नोंदला गेला, पुढे तपास यंत्रणेने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. दोष कुणाचा हे न्यायालयाने ठरवायचे आहे. पण आपल्या भागभांडवलातून उभा राहिलेला कारखाना दुसऱ्याच्या मालकीचा झाल्याचे वर्तमानपत्रात वाचणाऱ्या सभासदाला त्या निकालापर्यंत काय वाटत असेल? त्याच राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून मे 2011 मध्ये बरखास्त झाले आणि प्रशासक बसले. प्रशासकांच्या काळात बँक सावरली, ही चांगली गोष्ट आहे. पण मालकांना बाजूला सारल्यावरच संस्था सावरते, हे सहकाराला शोभणारे नाही.

शहरातली गोष्ट वेगळी वाटते, पण दुखणे तेच. नागरी सहकारी बँकेत कर्ज घेणाऱ्याला भाग घ्यावे लागतात, म्हणून तो सभासद होतो आणि मत देतो. बँकेत खरा पैसा असतो ठेवीदाराचा. निवृत्तीची रक्कम, मुलीच्या लग्नाची तजवीज, सोसायटीचा दुरुस्ती निधी. पण बहुतेक ठेवीदार सभासद नसतात आणि त्यांना मत नसते. म्हणजे ज्यांनी पैसे परत करायचे आहेत त्यांनी संचालक निवडायचे, आणि ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी पासबुक भरून घ्यायचे. या रचनेतला दोष इतका उघड आहे की तो इतकी वर्षे टिकला याचेच मला आश्चर्य आणि संताप वाटतो.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येतील असे सांगितले गेले. एकूण कर्जाच्या 70 टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती, आणि ती लपवण्यासाठी 21,000 हून अधिक बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. दरवर्षी लेखापरीक्षण होत होते, रिझर्व्ह बँकेची तपासणी होत होती, सहकार खातेही होते. 1966 पासून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँक आणि सहकार निबंधक अशा दोघांचा अंमल आहे, आणि दोघांपैकी जबाबदार कोण हा प्रश्न प्रत्येक बुडीत बँकेच्या वेळी नव्याने उभा राहिला. 2020 च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले, ते योग्यच झाले.

पण पुण्याच्या रुपी बँकेचे काय सांगावे? 1912 मध्ये स्थापन झालेली ही बँक. निर्बंध आले 2013 मध्ये, परवाना रद्द झाला सप्टेंबर 2022 मध्ये. मधली नऊ वर्षे ठेवीदार विलीनीकरणाच्या बातम्या वाचत राहिले. सत्तरीत ज्याचे पैसे अडकले, तो ऐंशीच्या घरात गेला. या काळात ठेव विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाखांवर गेली आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत ती रक्कम देण्याची सोय झाली. हा मोठा दिलासा आहे, आणि तो रस्त्यावर उभ्या राहिलेल्या ठेवीदारांनी मिळवला आहे.

विश्वास गेलेला माणूस पैसे घरात ठेवत नाही. काही जण राष्ट्रीयीकृत बँकेत जातात. बरेच जण, विशेषतः तालुक्याच्या गावी, दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी मल्टिस्टेट पतसंस्थेकडे वळतात. तिथल्या ठेवीला विम्याचे संरक्षण नाही, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. बीड, छत्रपती संभाजीनगर भागात अशा संस्था बुडाल्यावर दारात जमलेल्या बायका आपण बातम्यांत पाहिल्या. एका संस्थेतून उठलेला विश्वास त्याहून कच्च्या संस्थेकडे जातो आणि नुकसान वाढत जाते.

म्हणून मला शासनाच्या आणखी एका चौकशी समितीपेक्षा दोन साध्या बदलांचा आग्रह धरावासा वाटतो. नागरी बँकेच्या संचालक मंडळावर ठेवीदारांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत, आणि त्यांना मोठ्या कर्जांची यादी पाहण्याचा हक्क असावा. कारखान्याच्या सभेत वार्षिक अहवालावर हात वर करून किंवा आरडाओरडा करून मंजुरी घेण्याऐवजी गुप्त मतदान व्हावे, आणि तोडीचा क्रम लागवडीच्या तारखेनुसार गावच्या चावडीवर लागावा. तोड आपल्या क्रमानेच येणार हे ठाऊक असलेला शेतकरी इथेनॉलच्या कंत्राटाबद्दल विचारायला उभा राहील.