जंगलच्या वाटेवरचे दान

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



येत्या शनिवारी मुंबईत सत्संग आहे आणि रविवारी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंत आपल्याला पायी जायचे आहे. बडोदा, इंदूर, बेळगावची मंडळी येत आहेत. तयारीचे निरोप सुरू झालेत आणि त्यात एकच प्रश्न तीन-चार गटांतून आला: "माकडांसाठी चणे-केळी किती घ्यायची?" आजचे चिंतन या प्रश्नावरच करू या.

विचारणाऱ्यांचा भाव चांगला आहे. मारुतीरायाच्या कुळातला जीव, त्याला दोन चणे द्यावेत, असे आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले. आजी मुद्दाम नातवाच्या हातून देववते, कारण लहानपणीच द्यायची सवय लागावी. याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण भाव शुद्ध असला की दान आपोआप योग्य ठरते का? गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र अशा तिन्ही गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. काळ आपण पाहतो. शनिवार, एकादशी, पौर्णिमा आपल्याला तोंडपाठ असते. पात्रही थोडेफार पाहतो. देश, म्हणजे जागा, ती मात्र राहून जाते.

ही जागा कोणती आहे? सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल, तिन्ही बाजूंनी महानगराने वेढलेले. आत तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, बिबटे आहेत, वारली बांधवांचे पाडे आहेत. इथे माकडाला अन्न कमी नाही. उंबर, वड, जंगली फळे, कोवळा पाला, किडे, सगळे त्याच्यासाठी मांडून ठेवलेले आहे. लाल तोंडाचे माकड गालाच्या पिशवीत फळे भरते, दुसरीकडे जाऊन खाते आणि बिया तिथे टाकते. म्हणजे ते जेवता जेवता झाडे लावत असते. भगवंताने त्याला नेमून दिलेली ही सेवा आहे. आपण रस्त्याकडेला केळी वाटायला लागलो की ते फळझाडांकडे जायचे सोडून रस्त्यावर बसते. मग गाडीखाली येते, पिशव्या ओढते, प्लास्टिकसकट फरसाण खाते. आपण त्याला दिले असे आपल्याला वाटते, पण त्याची सेवाच आपण काढून घेतलेली असते.

मागच्या वर्षी आपल्याच एका परिवारातल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातली चण्यांची पुडी माकडाने ओढली. दंडाला दात लागले. रेबीजच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. ती मुलगी आता मारुतीच्या देवळातसुद्धा आईचा पदर सोडत नाही. यात माकडाचा दोष काय? त्याला माणसांनीच शिकवले होते की पुडी दिसली की ती आपली.

आपली गुरुमाउली प्रसादाचा पेढा हातावर ठेवण्याआधी विचारते, "पथ्य आहे का हो?" मधुमेह असेल तर पेढा बाजूला ठेवून तुळशीचे पान देते. तेव्हा आपल्याला कुणालाच वाटत नाही की प्रसाद नाकारला. मग जंगलातल्या जीवाचेही पथ्य असते, ते कोण विचारणार? (उद्यानात वन्य प्राण्यांना खाऊ घालायला मनाई आहेच. पण नियम आहे म्हणून मन मारून गप्प बसायचे, एवढ्यावर हे थांबू नये असे आम्हाला वाटते.)

कान्हेरीला पोहोचल्यावर एक गोष्ट जरूर बघा. डोंगरात शंभरावर लेणी आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या कातळातच कोरलेल्या आहेत. शेकडो वर्षे बौद्ध भिक्षू याच पायऱ्यांवरून चालले. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पाण्याचे टाके आहे. शिलालेखात त्याला पोढी म्हटले आहे. पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून तिथे उतरते. यातले एक टाके कल्याणच्या एका सोनाराने दान दिल्याचा लेख आहे. डोंगरावर राहणाऱ्याला उन्हाळ्यात काय कमी पडेल, याचा त्या सोनाराने विचार केला असणार. दान असे, जागा ओळखून केलेले.

वाटेबद्दलही दोन शब्द. या जंगलात कारवी नावाचे झुडूप आहे. वारली घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. 2016 मध्ये फुलली, नंतर 2024 मध्ये. त्या बियांची पोरसवदा रोपे आता वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत आणि 2032 पर्यंत त्यांना वाढायचे आहे. फोटोसाठी चार पावले आत गेलो की एका पावलाखाली किती रोपे जातील ते कळतही नाही. आज कडेवर येणारी बाळे तेव्हा शाळेत असतील; त्यांना फुले दिसायची असतील तर आपण वाटेवरूनच चालायला हवे.

वारली लोक वाघोबाला देव मानतात. बिबट्याच्या रानात पिढ्यान् पिढ्या राहूनही ते त्याला शत्रू म्हणत नाहीत. त्यांच्या पाड्याजवळून जाताना आवाज कमी ठेवावा, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. आपण त्यांच्या अंगणातून जाणार आहोत.

आता रविवारचे. मुख्य दरवाजापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर चाल आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी वाहनाची सोय बघतो आहोत, त्यांनी आपापल्या गटप्रमुखांना नावे द्यावीत. जाताना नामस्मरण मनातल्या मनात. स्पीकर आणू नये, भजन संध्याकाळी हॉलवर आहेच. झाडांना दोरे-कुंकू नको, नारळ तिथे फोडू नये. खाऊचे डबे बंद पिशवीत ठेवावेत आणि उद्यानाबाहेर आल्यावरच उघडावेत. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची असावी आणि रिकामी झाली तरी परत यावी. चण्यांसाठी ज्यांनी पैसे काढून ठेवलेत, त्यांनी ते शनिवारी सत्संगात अन्नदानाच्या पेटीत टाकावेत. आणि आजीबाईंनो, नातवाच्याच हातून टाकायला लावा.