कुस्ती खोटी, पडणारा खरा



सुट्टी लागण्याआधीच्या शेवटच्या धर्मशिक्षण वर्गानंतर सहावीतला एक मुलगा चर्चच्या पायरीवर रेंगाळत उभा राहिला. बाकीची मुले सायकली काढून केव्हाच गेली होती. मी विचारले, "काय रे, घरी नाही का जायचं?" तो म्हणाला, "फादर, एक विचारू? ती डब्ल्यू. डब्ल्यू. ई.ची कुस्ती असते ना, ती सगळी आधीच ठरलेली असते. आजोबा म्हणतात, खोटं बघणं म्हणजे खोट्याला साथ देणं. मग मी बघतो ते पाप आहे का?"

"पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्यानंतर बरेच रविवार गेले. उत्तर लांबण्याचे कारण असे, की हा प्रश्न त्या मुलाइतकाच माझाही आहे.

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माझ्या गावी १९९० नंतर पहिली केबल आली, तेव्हा एकाच घरी ती कुस्ती दिसत असे. त्या घराच्या ओट्यावर आम्ही वीस-वीस मुले दाटीवाटीने बसायचो. पैलवानांचे फोटो असलेले पत्ते आम्ही खाऊच्या पैशातून घ्यायचो. कोणाची उंची किती, वजन किती, किती लढती जिंकल्या हे आम्हाला पाढ्यांपेक्षा चांगले पाठ होते. अंडरटेकर अंधारातून येऊ लागला की आमच्या अंगावर काटा यायचा. आजही कुठे ती कुस्ती लागलेली दिसली की माझे पाय दोन मिनिटे थबकतात. तुमचा फादर या बाबतीत शौकीन आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

आजोबांचे म्हणणेही समजण्यासारखे आहे. ते लाल मातीच्या पिढीतले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, त्या परंपरेत वाढलेली ही माणसे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले, ही गोष्ट त्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली. वस्तादाचा धाक, पहाटेच्या जोर-बैठका, अंगाला लागलेली माती, यातून मिळालेली कुस्ती त्यांना खरी वाटते. रंगीत कपडे घालून, आरडाओरडा करून, ठरवून पडणारा पैलवान त्यांना कसा रुचणार?

पण 'खोटे' हा शब्द आपण जरा सावकाश वापरला पाहिजे. १९८९ साली या अमेरिकन कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच मान्य केले, की आमच्या लढती म्हणजे खरी स्पर्धा नव्हे, ती करमणूक आहे. त्यामागे कंपनीचा व्यवहार होता. खेळांना लागणारे सरकारी नियम आणि कर तिला टाळायचे होते. काही असो, पडदा तिने स्वतःच दूर केला. सांगून-सवरून केलेल्या सोंगाला खोटे म्हणायचे का?

संत अगस्तीन यांनी तरुणपणी लिहिलेल्या एका संवादात हाच प्रश्न हाताळला आहे. नट रंगमंचावर खोटा राजा झाला नाही, तर तो खरा नट होत नाही, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. खोटे बोलणाऱ्याच्या मनात फसवण्याचा हेतू असतो. नटाच्या मनात तो नसतो आणि प्रेक्षकालाही ते ठाऊक असते. उपवासकाळात आपण प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करतो. त्यात यहूदाचे काम करणाऱ्याला कोणी विश्वासघातकी म्हणत नाही. मिस्सानंतर तो आपल्याच शेजारी बसून चहा घेतो. वगातल्या राजाला कोणी शेतसारा भरायला जात नाही.

खरी फसवणूक कोणती, हे आपल्या गावच्या मातीला चांगले माहीत आहे. तिला आपण नुरा कुस्ती म्हणतो. दोन पैलवान आधीच संगनमत करतात, मैदानात उगाच दहा मिनिटे खडाखडी करतात, कुस्ती बरोबरीत सोडवून घेतात आणि इनाम वाटून घेतात. हे पाप आहे, कारण इनाम लावणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला अंधारात ठेवून त्याचा विश्वास विकलेला असतो. म्हणजे ठरवून केलेली कुस्ती मुळात वाईट नव्हे. ठरवून केलेली कुस्ती खरी म्हणून खपवणे वाईट.

करमणुकीचेही तसेच. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे, की शरीर थकते तसे मनही थकते आणि मनाची विश्रांती खेळात व विनोदात असते. नटाचा व्यवसाय त्यांनी मर्यादेत राहून केला तर निर्दोष मानला आहे. तेव्हा त्या मुलाला मी म्हणू शकलो असतो, "बाळा, पाप नाही. आधी अभ्यास कर, मग बघ."

मी तसे म्हणालो नाही. खरी की खोटी एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही, हे मला एका कुस्तीने शिकवले आहे, आणि ती कुस्ती टीव्हीवरची नव्हती.

मी तेव्हा पुण्यात सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. सुट्टीत नातेवाइकांकडे गेलो असताना तिथल्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा होता. दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या झाल्या, मग नारळावरच्या, आणि दिवस कलता-कलता मोठ्या इनामाची जोड लागली. हलगी कडाडत होती. दोघेही तोलामोलाचे. पाच मिनिटे झाली, दहा झाली, कोणी कोणाला पट काढू देईना. त्यातला एकजण डावा हात जरा आखडूनच धरत होता. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "नुरा आहे, नुरा!" पाठोपाठ दुसरा ओरडला, "पैसे वाटून घेतले!" बघता-बघता सगळे मैदान ओरडू लागले. पंच कुस्ती सोडवायला पुढे आले, पण लोक ऐकेनात. मीही ओरडत होतो. सुंदर सुंदर ग्रंथ वाचून आलेला मी, शर्टाच्या बाह्या सरसावून, "निकाली करा, निकाली!" असे ओरडत होतो.

आखडलेल्या हाताच्या त्या पोराने एकदा गर्दीकडे पाहिले. मग त्याने शड्डू ठोकला आणि सरळ आत घुसला. पुढच्याच क्षणी तो त्या डाव्या खांद्यावर पडला. खांदा निखळल्याचे मैदानाच्या कडेलाही कळले. तो खांदा आधीच दुखावलेला होता आणि त्याने ते कोणाला सांगितले नव्हते, हे नंतर समजले. त्यानंतर तो पुन्हा मातीत उतरला नाही. त्या कुस्तीत काहीच ठरलेले नव्हते. ती पूर्ण खरी होती, आणि आम्ही तिला खोटी ठरवली.

बंधू-भगिनींनो, हे उलटे गणित पाहा. टीव्हीवरचा पैलवान वेदनेचे सोंग करतो, तेव्हा आम्ही ओट्यावरची मुले ती वेदना खरी मानून कळवळायचो. समोरच्या मातीतला पोरगा खरोखर कळवळत होता, तेव्हा आम्ही त्याला सोंग समजलो. खोटेपणा त्या दिवशी आमच्या डोळ्यांत होता.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अशा ठरवलेल्या कुस्तीवर लेख लिहिला आहे. तो मी सेमिनरीत वाचला होता. त्यांच्या मते तिथला प्रेक्षक निकालासाठी येतच नाही. दुःख, पराभव आणि न्याय हे सगळे डोळ्यांना उघड दिसावे म्हणून तो येतो. दुष्टाला शिक्षा व्हावी ही भूक चांगली आहे, ती देवानेच आपल्यात ठेवली आहे. पण तिच्या शेजारीच दुसरी भूक दडून बसलेली असते. कोणीतरी पडावे, जोरात पडावे, आणि ते आपण पाहावे.

संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात अलिपियुस या मित्राची हकीकत दिली आहे. रोममध्ये शिकत असताना मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या खेळाला नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला होता. एक मल्ल पडला, गर्दीने आरोळी दिली आणि त्याचे डोळे उघडले. मग ते मिटेनात. पुढे तो स्वतःच इतरांना तिथे घेऊन जाऊ लागला. डोळे मिटले तरी कान उघडे असतात. गर्दी कानातून आत शिरते.

टीव्हीवरच्या त्या सोंगातही माणूस खराच असतो. २३ मे १९९९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा पैलवान छतावरून दोराने खाली उतरण्याचे सोंग करत असताना उंचावरून रिंगमध्ये कोसळला आणि मरण पावला. त्याला उचलून नेण्यात आले आणि पुढच्या लढती सुरूच राहिल्या. ठरलेल्या कार्यक्रमात न ठरलेले मरण आले, तरी कार्यक्रम थांबला नाही. ही गोष्ट मला आजही सलते.

दूरचे कशाला, आपल्याकडचेच पाहू. १९६१ पासून चालत आलेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२५ साली अहिल्यानगरला झाली. निकालावरून वाद झाला. एका पैलवानाने पंचांना लाथ मारली, दुसरा अंतिम लढतीतून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांना लाथ मारणे चूकच. पण पुढे कित्येक दिवस आपल्या मोबाइलवर काय फिरत होते? त्या गदेसाठी पोरांनी वर्षानुवर्षे केलेली मेहनत फिरत नव्हती, ती लाथ फिरत होती. ती पुढे पाठवणाऱ्यांत आपणही होतो.

शुभवर्तमानकार संत लूक यांनी कालवरीवरच्या गर्दीचे वर्णन करताना एक बारीक गोष्ट टिपली आहे. ते दृश्य पाहण्यासाठी जमलेले लोक, असे ते म्हणतात, आणि जे घडले ते पाहून ते छाती बडवीत परत फिरले (लूक २३:४८). त्याआधी त्याच टेकडीवर प्रभूला क्रूसावरून उतरून दाखवण्याचे आव्हान देण्यात आले होते. तेही 'निकाली करा' असेच ओरडणे होते. पाहायला आलेला माणूस छाती बडवीत घरी जातो, तेव्हा त्याचे पाहणे बदललेले असते.

त्या खांदा निखळलेल्या माणसाची आणि माझी पुष्कळ वर्षांनी एका लग्नात गाठ पडली. मी त्याला ओळखले. ताटावर बसल्यावर मी हळूच म्हणालो, "दादा, त्या दिवशी मीपण मैदानात होतो. मीपण ओरडलो होतो." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, मला तोंडं कोणाची आठवत नाहीत. नुसता आवाज आठवतो." त्याने मला क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही. त्याने माझ्या पानात भजी वाढायला सांगितली, तेवढे मला पुरे झाले.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, देतो. कुस्ती बघ. आजोबांनाही शेजारी बसव आणि त्यांच्याकडून लाल मातीतले डाव समजून घे. टीव्हीवरचे डाव मात्र उसाच्या पाचटावर धाकट्या भावावर करून पाहू नकोस. ते लोक कसे पडायचे हे वर्षानुवर्षे शिकतात आणि तरीही त्यांची हाडे मोडतात. आणि बघताना स्वतःला एवढेच विचार, की जो पडला तो मला अजून माणूस दिसतो आहे का? ज्या दिवशी तो तसा दिसणार नाही, त्या दिवशी कुस्ती खरी असो की खोटी, उठून ये.

मोठ्यांसाठीही एक गोष्ट आहे. खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊ शकले, कारण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी आपले राहते घर गहाण ठेवले. ते स्वतः आखाड्यात उतरले नाहीत. तेही आपल्यासारखे काठावरचेच. पण काठावर उभे राहून ओरडणारे पुष्कळ असतात, लढणाऱ्याचा भार उचलणारा एखादाच असतो.

पुढच्या जत्रेत लासुर्ण्यात किंवा आसपासच्या गावात हगामा भरेल, तेव्हा आपल्यातले पुष्कळजण जातील. मीही येईन. जिंकलेल्याच्या खांद्यावर गुलाल टाकायला गर्दी असतेच. त्या वेळी आपल्यापैकी दोघे-चौघे हरलेल्या पोराकडे वळू या. त्याची माती झाडू या, पाणी देऊ या, घरी कसा जाणार म्हणून विचारू या. आपण कोणाला नुसते पाहिले आणि कोणाला उचलले, एवढाच हिशेब प्रभू आपल्याकडे मागणार आहे.

तुमचा प्रार्थनेतील सोबती,
तुमचे फादर