निविदेच्या अलीकडे आणि पलीकडे

२०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालके होती. अधिष्ठात्यांनी औषधांच्या आणि मनुष्यबळाच्या तुटवड्याकडे बोट दाखवले. औषधांचा तुटवडा नव्हता, असे सरकारने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सुनावणीत एक वरकरणी रुक्ष मुद्दा पुढे आला. राज्यासाठी औषधे खरेदी करायला कायद्याने जे प्राधिकरण स्थापन झाले, त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीच नव्हता. वॉर्डातल्या मृत्यूंची चर्चा खरेदीच्या नस्तीपर्यंत पोहोचली, हे योग्यच झाले. सरकारी दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाच्या हाती कोणती गोळी पडणार, हे पुष्कळदा कित्येक महिने आधी मंत्रालयातल्या एखाद्या टेबलावर ठरलेले असते.

महाराष्ट्रात औषधे कोणी विकत घ्यायची, हा प्रश्न एका दशकात पुन्हा पुन्हा सोडवला गेला. आधी आरोग्य सेवा संचालनालय, वैद्यकीय शिक्षण विभाग, जिल्हा परिषदा असे सगळे आपापल्या परीने खरेदी करत. मागणी नसताना औषधे घेतल्याच्या चौकशा गाजल्या, तेव्हा २०१७ मध्ये सगळी खरेदी परळच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवण्यात आली. पोलिओची लस आणि सर्पदंशावरील प्रतिविष यांसाठी नावाजलेली ही संस्था एका रात्रीत हजारो वस्तूंची घाऊक खरेदीदार बनली. रुग्णालयांचा पैसा तिच्याकडे वर्ग होई, औषध मात्र वेळेवर येईलच अशी खात्री नसे. मग २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले. प्रत्येक वेळी खरेदी करणारा हात बदलला, खरेदीची रीत मात्र तीच राहिली.

ही रीत म्हणजे निविदेभोवती फिरणारी खरेदी. निविदा प्रसिद्ध होते, बयाणा रक्कम भरली जाते, तांत्रिक लिफाफा उघडतो, मग आर्थिक लिफाफा, आणि ज्याचा दर सर्वांत कमी तो ‘एल-वन’ ठरतो. या टप्प्यावर पहारा कडक असतो आणि गेल्या दहा वर्षांत तो अधिक कडक झाला आहे. केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘जेम’ हे ऑनलाइन पोर्टल सुरू केले आणि पुढच्याच वर्षी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय हे जुने खाते बंद करून टाकले. महाराष्ट्रात उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली. ३ लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची होती, २०२१ मध्ये ती मर्यादा १० लाखांवर नेण्यात आली. पूर्वी निविदा अर्ज मिळू नयेत म्हणून कार्यालयाच्या दारात माणसे उभी केली जात. ते ऑनलाइन व्यवस्थेमुळे थांबले, आणि या सुधारणेला कमी लेखण्याचे कारण नाही.

पण लिफाफा उघडण्याच्या आधी काय घडते? नेमके काय हवे, किती हवे, कधी हवे, हे ठरवणे खरेदीचे निम्मे काम आहे आणि तिथे कोणाचेच लक्ष नसते. फेब्रुवारी २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाने एकाच दिवशी २४ शासन निर्णय काढून २०६ कोटींची खरेदी मंजूर केली. चिक्की, चटया, ताटवाट्या, पुस्तके असा तो माल होता. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला त्यात गुन्हा आढळला नाही. ती खरेदी दरकरारावर, म्हणजे आधीच ठरलेल्या दरांनी झाली होती. तरीही एक गोष्ट उरतेच. अंगणवाडीतल्या मुलाला काय हवे याचा विचार वर्षभर होऊ शकत होता. तो एका दिवसात २४ निर्णयांत आटोपला, कारण मार्चअखेर जवळ आली होती आणि निधी परत जाणार होता. मार्चअखेरची ही घाई कोणत्याही एका मंत्र्याची किंवा खात्याची नाही. ती सगळ्या कार्यालयांच्या अंगवळणी पडली आहे.

मागणीनंतर येते ते तपशीलपत्र, म्हणजे ‘स्पेसिफिकेशन’. रुग्णालयाला चादरी घ्यायच्या असतील तर लांबी-रुंदी, सुताचा काउंट, प्रतिचौरस मीटर वजन, किती धुलाईनंतर रंग टिकला पाहिजे, हे सगळे लिहावे लागते. हे लिहिणारा माणूस बहुतेक कार्यालयांत आस्थापना, रजा आणि न्यायालयीन प्रकरणे सांभाळून हे काम करणारा लिपिक असतो. तो मागच्या वर्षीची निविदा काढतो, तारखा बदलतो आणि वर पाठवतो. कधी एखादा पुरवठादारच तयार मसुदा पेनड्राइव्हवर आणून देतो. मग यंत्राची रुंदी अमुकच मिलिमीटर आणि पडदा तमुकच इंचाचा, अशा अटी येतात. वाचणाऱ्या जाणकाराला कंपनीचे नाव लगेच कळते. ‘किंवा समतुल्य’ हे दोन शब्द तेवढे गाळलेले असतात. पुढे निविदा कितीही पारदर्शक असो, स्पर्धा आधीच संपलेली असते. कोट्यवधींचा करार लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, ते शिकवावे लागते, त्यासाठी वेगळे मनुष्यबळ लागते, हे सरकारने अजून मनावर घेतलेले नाही.

तमिळनाडूने ते मनावर घेतले. तिथले वैद्यकीय सेवा महामंडळ जुलै १९९४ मध्ये स्थापन झाले आणि जानेवारी १९९५ पासून कामाला लागले. तेव्हाचे आरोग्य सचिव आर. पूर्णलिंगम यांचा त्यात मोठा वाटा होता. महामंडळानेही निविदाच काढली आणि कमी दरच स्वीकारला. ‘एल-वन’ तिथेही आहे. फरक निविदेच्या दोन्ही बाजूंना होता. आधी आवश्यक औषधांची आटोपशीर यादी झाली, औषधे मूळ नावाने घ्यायची आणि थेट उत्पादकाकडूनच घ्यायची, असे ठरले. औषधांच्या अंदाजपत्रकातली सुमारे ९० टक्के रक्कम महामंडळाकडे गेली, उरलेली १० टक्के अडीनडीच्या स्थानिक खरेदीसाठी रुग्णालयांकडे राहिली. सर्वांत कमी दर देणाऱ्याखेरीज इतर पुरवठादारांनाही त्याच दराने माल देण्याची संधी ठेवली, म्हणजे एकाने हात वर केले तरी पुरवठा अडत नाही.

आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक मिळाले. त्यात त्या रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम लिहिलेली. रुग्णालयाचा फार्मासिस्ट ते घेऊन जिल्ह्याच्या गोदामात जातो, लागेल ते औषध उचलतो, त्याची किंमत पासबुकातून वजा होते. तापाची साथ आली तर तापाची औषधे जास्त, नाही तर दुसरे काही. वर बसलेल्या कोणी ठरवून दिलेली खोकी त्याच्या गळ्यात पडत नाहीत. कोणत्या तालुक्यात काय खपते याची नोंद आपोआप होत जाते आणि पुढच्या निविदेतले आकडे त्या नोंदींवर बेतता येतात. एवढ्या साध्या वहीने मागणीचा प्रश्न बराचसा सोडवला.

गोदामात माल उतरला की बॅचमधून नमुने काढले जातात. त्यांवरचे कंपनीचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक घातला जातो आणि ते बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. अहवाल येईपर्यंत माल बाजूला राहतो. नमुना कोणाचा आहे हे तपासणाऱ्याला माहीत नसते, त्यामुळे त्याला गाठायचे कसे हा प्रश्न पुरवठादाराला पडतो. तमिळनाडूचे सगळे निर्दोष आहे असे नाही. तिथल्या महामंडळावरही लेखापरीक्षणात आक्षेप आले आहेत. पण केरळ आणि राजस्थानने पुढे आपापली महामंडळे उभारताना डोळ्यांसमोर हाच नमुना ठेवला.

महाराष्ट्रात या तपासणीअभावी काय होऊ शकते, ते नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरने दाखवले. तिथल्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये औषध निरीक्षकांनी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. तपासणीत त्या गोळ्यांमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलेच नाही. पाकिटावर ज्या कंपनीचे नाव होते ती कंपनीही अस्तित्वात नसल्याचे उघड झाले. पुढे पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्रात टाल्कम पावडर आणि स्टार्चपासून बनवलेल्या गोळ्यांचा उल्लेख आला. गोळ्या रुग्णालयात पोहोचल्या त्या पुरवठादारामार्फत, रीतसर कागदांनिशी. अहवाल हाती येईपर्यंत कित्येक महिने लोटले. तोवर जंतुसंसर्ग झालेल्या किती जणांनी ती पावडर औषध म्हणून गिळली असेल, हा विचार मन सुन्न करतो. थेट उत्पादकाकडून खरेदीची अट आणि वाटपाआधी बॅच तपासणी, या दोन कलमांनी हा माल गोदामाच्या दारातच अडला असता.

देयकांचा प्रश्न याहून कमी नाट्यमय आहे, पण दर वाढवणारा आणि चांगल्या पुरवठादाराला पळवून लावणारा तोच आहे. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६चा केंद्रीय कायदा सांगतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंत्राटदाराचे चालू देयक आल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत किमान ७५ टक्के रक्कम देण्याची सूचना केली. महाराष्ट्रात मात्र कंत्राटदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी आंदोलने करताना दिसतात. बिल वर्षभर निघणार नाही हे ठाऊक असलेला व्यावसायिक एक तर व्याज दरात धरतो, नाही तर मालात कसर काढतो, आणि ज्याला यातले काहीच करायचे नसते तो सरकारी काम घेणेच सोडून देतो. उरतात ते ‘बिल कसे काढायचे’ हे जाणणारे.

अशा वेळी दोष ‘एल-वन’च्या माथी मारण्याची पद्धत आहे. २०२१च्या त्याच सूचनांनी निवडक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली, आणि गुंतागुंतीच्या कामांत ती उपयोगी आहे. पण पॅरासिटामॉलच्या गोळीला गुणांकन लागत नाही. तिथे तपशील नीट लिहिलेला असेल आणि माल खरोखर तपासला जात असेल, तर सर्वांत कमी दर हाच जनतेच्या हिताचा दर असतो. गुण देण्याचा अधिकार समितीच्या हाती गेला की जुनी वशिलेबाजी नव्या तक्त्यात बसवणे मुळीच अवघड नाही.

तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सरकारी खरेदीसाठी कायदा केला. केंद्राचे २०१२चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. महाराष्ट्र अजून मुख्यतः शासन निर्णयांवर खरेदी चालवतो, आणि एका शासन निर्णयाला ‘विशेष बाब म्हणून’ दुसरा शासन निर्णय सहज वळसा घालतो. कायदा असेल तर डावललेल्या पुरवठादाराला ठरावीक मुदतीत अपील करता येते आणि अपवाद करणाऱ्याला कारण लेखी नोंदवावे लागते. खरेदी प्राधिकरणाच्या बाबतीत तर त्याचीही वाट पाहायची गरज नाही. कोणत्या रुग्णालयाने किती मागितले, किती मिळाले, कोणती बॅच कधी तपासली आणि कोणाचे बिल किती दिवस पडून आहे, हे तालुकावार जाहीर करायला पुढच्या अधिवेशनाची गरज लागत नाही. माहिती त्याच कार्यालयाच्या संगणकात आहे.