चार आठवड्यांची सवय

ब्रिटनमध्ये गाठीला फारसा पैसा नसताना स्वतःचा धंदा सुरू करायचा असेल, तर लोकांच्या घरांच्या खिडक्या धुण्याइतकं सोपं काही क्वचितच सापडेल. बादली, शिडी, साबणपाणी लावायचा बोळा, रबरी पात्याचा स्क्वीजी आणि फडकी एवढ्यावर काम सुरू होतं. साबण म्हणून भांडी घासायचं लिक्विडही चालतं. मूळचा इटलीचा एत्तोरे स्टेकोने अमेरिकेत गेला आणि १९३६ साली त्याने आपल्या हलक्या स्क्वीजीचं पेटंट घेतलं. आजची हत्यारं अजून त्याच वळणाची आहेत. इंग्लंडमध्ये या कामाला परवाना लागत नाही. करखात्याकडे नाव नोंदवायचं, विमा काढायचा आणि दारं ठोठावत निघायचं.

पण ज्या धंद्याला उंबरठाच नाही, त्यात उद्या कुणीही शिरू शकतो. हात काही महिन्यांत बसतो, म्हणजे कौशल्याचीही मोठीशी भिंत नाही. तरी एकाच गल्लीत वर्षानुवर्षं तोच माणूस खिडक्या धुताना दिसतो. तो टिकतो त्याच्या ‘राउंड’वर. ठरलेली घरं, ठरलेला क्रम आणि दर चार किंवा आठ आठवड्यांनी फेरी, याला तिथे राउंड म्हणतात. गंमत म्हणजे तो विकता येतो. महिन्याच्या उत्पन्नाच्या काही पट किंमत ठरते आणि गिऱ्हाइकांची यादी नव्या माणसाच्या हाती जाते.

यात नेमकं विकलं काय जातं? घरमालकाशी बहुधा लेखी करार नसतो. तो उद्या ‘येऊ नका’ म्हणाला तर विषय संपला. विकली जाते ती परक्या लोकांची सवय. मुंबई-पुण्यात पेपरवाल्यांच्या लाइनी अशाच विकल्या-घेतल्या जातात. बलुतेदारालाही गावात ठरलेली घरं होती, पण तो हक्क वतनाने येई आणि जातीने बांधलेला असे. सोडतो म्हणून सुटत नसे. राउंड जन्माने मिळत नाही आणि त्याला वतनाची हमीही नाही. साहेब नको म्हणून नोकरी सोडलेला माणूस हौसेने या धंद्यात येतो आणि चार आठवड्यांच्या वेळापत्रकाला स्वतःच स्वतःला जुंपून घेतो. मला यात विरोधाभास वाटत नाही. निदान ते जोखड त्याने मापून घेतलेलं असतं.

चकचकीत काचेकडे कुणी फारसं पाहत नाही, पण चुकलेली तारीख घरमालकाच्या बरोबर लक्षात राहते. म्हणून तर पाऊस हा इथला कायमचा वाद आहे. ‘आज पाऊस आहे, धुऊन काय उपयोग?’ हा प्रश्न प्रत्येक नवख्याला ऐकावा लागतो. स्वच्छ काच निव्वळ पावसाने फारशी मळत नाही. काचेवर आणि चौकटीत आधीच बसलेली धूळ पावसाने ओघळते. हे दारात उभं राहून समजावता यावं लागतं, नाहीतर ब्रिटनच्या हवेत अर्धा महिना घरी बसायची पाळी येते.

आता बहुतेक जण शिडी सोडून लांब पोकळ काठीकडे वळले आहेत. काठीच्या टोकाला ब्रश असतो आणि त्यातून गाळलेलं पाणी येतं. लंडनचं पाणी चुनखडीच्या प्रदेशातलं, जड. ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. म्हणून क्षार जवळजवळ शून्यावर आणून ते वापरतात, मग काच पुसायची गरज उरत नाही. पण चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो ओझं. व्हॅनची वजनमर्यादा पाहूनच टाकी बसवावी लागते. बादलीवाला धंदा इथे हळूच भांडवल मागू लागतो.

काठीने आणखी एक गोष्ट बदलली. शिडीवरच्या माणसाला माडीवरच्या खोल्यांतलं सगळं दिसे. जॉर्ज फॉर्म्बीचं १९३६ सालचं गाजलेलं विनोदी गाणं त्याच डोकावण्यावर आहे. आता माणूस जमिनीवर उभा राहून वर पाहतो. तरी परसदाराची कडी काढून, घरी कुणी नसतानाही तो मागच्या अंगणात जातोच. स्कॉटलंडने १९८२च्या कायद्याने खिडक्या धुणाऱ्यांसाठी परवान्याची सोय केली आणि अनेक भागांत तो लागतो. इंग्लंडमध्ये माणूस पारखण्याचं तेच काम शेजारणीची शिफारस करते, आणि माझ्या मते जास्त कडक रीतीने करते.

नवखा चुकतो तो बहुधा भावात. काम घरावर ठरतं, तासावर नाही. त्यामुळे सुरुवातीचा संथ हात स्वतःलाच महाग पडतो, आणि नेमक्या तेव्हाच तो गिऱ्हाईक मिळावं म्हणून दर पाडतो. पुढे हात चपळ होतो, पण पाडलेला दर गिऱ्हाइकाच्या अंगवळणी पडलेला असतो. पहिल्या धुलाईला जास्त पैसे मागायलाही तो लाजतो. खरं तर वर्षानुवर्षांची चौकटीतली घाण तेव्हाच निघते आणि धुतलेल्या काचेवर पुन्हा ओघळते.

आणि अंतर. एकाच गल्लीतली दहा घरं गावभर विखुरलेल्या वीस घरांपेक्षा बरी, कारण व्हॅन चालवण्याचे पैसे कुणी देत नाही. वही रिकामी असताना पाच मैलांवरून आलेलं बोलावणं नाकारणं अवघड असतं, आणि पहिल्या महिन्यात बहुतेक जण ते नाकारत नाहीत. मग त्या एका घरासाठी दर चार आठवड्यांनी अर्धी सकाळ जाते, आणि तारीख पाळायचा शब्द दिलेला असल्यामुळे ते सोडवतही नाही.