हसविणाऱ्याला शाप देऊ नका

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहाबींमध्ये अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते. स्वभाव विनोदी, ते प्रेषितांना हसवीत असत. मात्र त्यांना मद्याचे व्यसन होते आणि त्यासाठी त्यांना शिक्षाही झाली होती. पुन्हा एकदा त्याच अपराधासाठी त्यांना आणले गेले व शिक्षा झाली, तेव्हा उपस्थितांपैकी एकाने त्यांना शाप दिला. हा माणूस किती वेळा असा आणला जातो, असे तो चिडून म्हणाला. प्रेषितांनी (स.) त्याला तेथेच रोखले. याला शाप देऊ नका, याचे अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, असे त्यांनी बजावले. ह. उमर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. अशाच दुसऱ्या एका प्रसंगी, आपल्या बंधूविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका, अशीही ताकीद प्रेषितांनी दिली.

वाचकहो, या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आहेत. शिक्षा माफ झालेली नाही, कारण मद्य हराम आहे. आणि शापही मान्य झालेला नाही, कारण पाप करणारा माणूस म्हणजे केवळ त्याचे पाप नव्हे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणे आपल्याला जमते का, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यातला आहे. रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर हसविणारी आणि रडविणारी माणसे आपल्या घरात येतात. कोल्हापूरकरांना तर अभिनय हे परक्या मुलखातले काम वाटत नाही. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथलीच. 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनीही येथेच स्थापन झाली. आज मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रीकरणे चालतात. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका तर शेजारच्या वसगडे गावात घडत होती. पडद्यावरचा चेहरा आपल्याच गल्लीतल्या कोणाचा मुलगा किंवा मुलगी असू शकतो.

या व्यवसायाचे स्वरूप आपण क्वचितच विचारात घेतो. दैनंदिन मालिकेचा भाग रोज द्यावा लागतो. म्हणून बारा-बारा तास आणि कधी त्याहूनही अधिक काम चालते. मानधन अनेकदा नव्वद दिवसांनी हाती पडते. टीआरपी घसरला की मालिका बंद होते. चेहरा घरोघरी ओळखीचा आणि उत्पन्न मात्र अनिश्चित, अशी ही स्थिती. आपली किंमत काय, हे दर आठवड्याला दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यावरून ठरते. अशा वेळी झोप उडते, मन खचते, आणि कोणी झोपेसाठी गोळीकडे, तर कोणी धीर यावा म्हणून प्याल्याकडे वळतो. यातून पाप पुण्य होत नाही; परंतु माणूस तेथवर कसा पोहोचला हे समजते.

कपिल शर्मा यांचे उदाहरण घ्या. देशभर लोकांना हसविणाऱ्या या कलाकाराचा कार्यक्रम 2017 मध्ये बंद पडला. आपण नैराश्याने ग्रासलो होतो व मद्याच्या आहारी गेलो होतो, हे त्यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. 2018 च्या अखेरीस ते पुन्हा पडद्यावर आले. परतीची वाट असते, एवढे तरी यातून दिसते.

प्रत्येकाला ती वाट सापडत नाही. सुशांतसिंह राजपूत यांना घराघरांत पोहोचविले ते 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘पवित्र रिश्ता’ या मालिकेने. त्यात ते मानव देशमुख हा मराठी तरुण साकारीत. 14 जून 2020 रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक महिने वाहिन्यांवर त्यांचा आजार, त्यांची औषधे, त्यांचे आणि इतरांचे खासगी संदेश यांची जाहीर चर्चा चालली. अखेर जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा माध्यम-खटल्यांबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. वाहिन्या दोषी होत्याच. पण ते सारे पाहत कोण होते? आपणच. जिवंतपणी त्यांचा अभिनय पाहिला आणि मृत्यूनंतर त्यांच्या दुःखाचीही मालिका करून पाहिली.

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमधील बाराव्या आयतीत संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना मनाई आहे. निंदेला मृत बंधूचे मांस खाण्याची उपमा तेथे दिली आहे. मोबाईलवर पुढे ढकललेला एक संदेशही गीबत ठरू शकतो. तो कलाकार आपल्या धर्माचा नव्हता, असे कोणी म्हणेल. त्याने प्रेषितांची कृती आठवावी. एका यहुदी व्यक्तीची अंत्ययात्रा जात असताना ते उठून उभे राहिले. ती यहुद्याची आहे असे सांगितले गेले, तेव्हा तो एक जीव नाही काय, असे त्यांनी विचारले.

येथे एक आक्षेप येईल. एवढी दया दाखविली तर हरामचे गांभीर्य कमी होणार नाही का? शिवाय अभिनयाच्या व्यवसायाबद्दल उलेमांचे आक्षेप आहेतच. तो स्वतंत्र विषय आहे. परंतु अब्दुल्लाह यांचा अपराध तर निःसंशय हराम होता, तरीही शाप रोखला गेला. मद्यबंदी ज्या क्रमाने आली त्याचाही विचार करावा. आधी सूरह अल्-बकरामध्ये मद्यातील पाप त्याच्या लाभाहून मोठे असल्याचे सांगितले गेले, मग सूरह अन्-निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि शेवटी सूरह अल्-माइदामध्ये पूर्ण बंदी आली. सवयीची पकड किती घट्ट असते हे निर्मात्याला ठाऊक आहे. आज हुकूम पूर्ण आहे, त्यात सवलत नाही. पण तो पाळू इच्छिणाऱ्याला आधार देण्याची रीत या क्रमातून शिकता येते. डॉक्टरही सांगतात, की वर्षानुवर्षे खूप पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. म्हणून नुसती शपथ घालून भागत नाही, उपचारही लागतात.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे : ईमान पक्के असेल तर नैराश्य येतच नाही. ह. याकूब (अ.) पुत्राच्या विरहात इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले, असे कुरआनच सांगते. त्यांच्या ईमानात काय उणे होते? आजारावर उपचार करा, अल्लाहने प्रत्येक आजारावर औषध ठेवले आहे, ही प्रेषितांची शिकवण मनाच्या आजाराला का लागू नसावी? नवव्या-दहाव्या शतकातील विद्वान अबू जैद अल्-बल्खी यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला होता. आपण मात्र आज मानसोपचाराचे नाव काढताच लग्नाच्या स्थळांची काळजी करू लागतो.

मग करावे काय? ह. उमर (रजि.) यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. शाममधील एक परिचित मद्यात बुडाल्याचे कळताच त्यांनी त्याला पत्र पाठविले. त्यात अल्लाहच्या क्षमेची आणि शिक्षेचीही आठवण होती. इतरांना त्यांनी त्याच्यासाठी दुआ करायला सांगितले. पत्र वाचून तो रडला आणि त्याने तौबा केली.

आपल्या घरात, मोहल्ल्यात असा कोणी असेल तर त्याची चर्चा करण्याआधी त्याच्याकडे जावे. त्याला डॉक्टरांकडे न्यावे, सोबत बसावे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालते. 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा मिळते. आत्महत्येस इस्लाममध्ये मनाई आहे, हे आपण मुलांना सांगतोच. परंतु गेलेल्याचा निवाडा अल्लाहकडे आहे, आणि जो अजून आहे त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचणे आपल्याकडे आहे.

पडद्यावरची व्यक्ती आपल्याला भेटणार नाही. तिच्याविषयी जीभ आवरणे एवढेच आपल्या हाती आहे. घरातली व्यक्ती मात्र समोर बसलेली असते. अल्लाह आपल्याला पापापासून दूर राहण्याची शक्ती आणि पापात अडकलेल्याला हात देण्याची बुद्धी देवो. आमीन.